पाठमोरी माणसं (शाळेतला चित्रकलेचा तास आणि इंटरमिजिएटचे ७ गुण)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण तसं छोटंसंच आहे, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

लेक नववीत आहे. गेल्या वर्षी एलिमेंटरी (शासनाची चित्रकलेची ग्रेड परीक्षा) झाली, बी ग्रेड आली. यंदा त्यापुढची इंटरमिजिएट. शाळेत चित्रकलेचा तास आठवड्याला एक, तोही वेळापत्रकापुरता. प्रत्यक्षात गणिताच्या बाई 'पोर्शन राहिलाय' म्हणून घेऊन टाकतात. त्यामुळे वर्गातल्या निम्म्या मुली बाहेर क्लासला जातात, शनिवार-रविवार दोन-दोन तास.

परवा तिची स्मरणचित्रांची फाइल चाळत बसले होते. भाजीबाजार, रेल्वे स्टेशन, बागेतला रविवार, गणपती विसर्जन, बस थांबा, वृक्षारोपण. काम सफाईदार, रंग छान बसलेले. तरी काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळेना. मग लक्षात आलं. सगळी माणसं पाठमोरी! विसर्जनात एक वेळ समजू शकते, सगळे गणपतीकडे बघताहेत. पण बाजारात भाजी विकणारी बाईसुद्धा आपल्याकडे पाठ करून बसलेली. तिचं गिऱ्हाईक कुठे आहे देव जाणे. जी दोन-तीन माणसं समोरून आहेत त्यांना नाक-डोळे नाहीत, सोललेल्या अंड्यासारखे चेहरे.

तिला विचारलं तर म्हणाली, "अगं, चेहऱ्यात वेळ जातो आणि चुकला की मार्क जातात. सरांनी बारा आकृत्या दिल्यात, त्या पाठ करायच्या. विषय कुठलाही येऊ दे, त्याच फिरवून टाकायच्या." मागच्या पानावर यादीच होती. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, सायकलवाला, बाकावरचे आजोबा, फुगेवाला, मुलाचा हात धरून चाललेली आई, वाकलेला माणूस वगैरे. वाकलेला माणूस सगळ्यात कामाचा. वृक्षारोपणात तो खड्डा खणतो, स्वच्छता मोहिमेत केर काढतो, शेतात भात लावतो. हातातली वस्तू तेवढी बदलायची.

हसू आलं आणि वाईटही वाटलं. पेपरचं नाव स्मरणचित्र. स्मरण कशाचं? ही मुलगी लहानपणापासून बुधवारी माझ्याबरोबर गंगेवर बाजाराला येते (नाशिकबाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो). भाजीवाली कशी बसते हे तिने शेकडो वेळा पाहिलंय. चित्रात मात्र ती येत नाही, क्लासमधली येते.

सरांना नावं ठेवायला धागा काढलेला नाही. त्यांच्याकडे एका बॅचला चाळीस मुलं, हातात तीन महिने, आणि प्रत्येक पालकाला ए ग्रेड हवी. का, तर दहावीला ए चे ७ गुण, बी चे ५, सी चे ३ मिळतात. क्लास लावताना मी स्वतः पहिला प्रश्न काय विचारला होता? "मागच्या वर्षी ए किती आल्या?" आता कुठल्या तोंडाने बोलू.

तर विचारायचं हे की शाळेत चित्रकला, गाणं, नाटक हवं असं सगळेच म्हणतात, ते नक्की कशासाठी हवं? आणि तुमच्याकडे ते खरोखर होतं का, कसं होतं? सल्लाही द्या, परीक्षेला पाच आठवडे राहिलेत.

मिरजमळा

पाठमोरी माणसं!! अगदी अगदी. माझी १९९४ ची फाइल आईने अजून ठेवलीय, आत्ता काढून पाहिली. एक पोस्टमन सोडला तर सगळे पाठमोरे. पोस्टमनलासुद्धा टोपी एवढी खाली ओढलीय की डोळ्यांचा प्रश्नच मिटला.

आम्हाला तेव्हा गुणबिण काही मिळत नव्हते. तरी परीक्षेला बसायचो, कारण दोन दिवस शाळा बुडायची आणि केंद्र दुसऱ्या शाळेत असायचं. बोर्ड, क्लिपा, पाण्याचा मग, डबा असा सगळा संसार घेऊन एसटीने जायचो. त्या मगातलं पाणी शेवटी कसल्याही रंगाचं राहत नाही, ते आठवतंय का कोणाला?

रोखठोक

धागा चांगला आहे, पण थोडं उलट बोलतो. 'असर'चे (मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीचे) अहवाल वाचा. देशभरात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा धड वाचता येत नाही. भागाकाराची तीच गत. असं असताना सौंदर्यदृष्टी, कलाशिक्षण हे मला तरी भरल्या पोटाचे विषय वाटतात. शाळेचे तास मोजकेच आहेत. आधी वाचू द्या, मोजू द्या, मग काय रंगवायचं ते रंगवा. ज्यांना आवड आहे ते बाहेर शिकतातच, धागाकर्तीची मुलगी शिकतेच आहे की.

आणि सात गुणांबद्दल म्हणाल तर दरवर्षी दहावीला शंभर टक्क्यांच्या बातम्या येतात त्यात हे कला-क्रीडेचे सवलतीचे गुण धरलेले असतात. ज्यांच्या घरी क्लासची फी भरायची ऐपत आहे त्यांनाच ते मिळतात. कलेच्या नावाखाली हा उलटा न्याय आहे.

बेसूर

रोखठोक, तुमच्या दुसऱ्या परिच्छेदाशी सहमत, पहिल्याशी बिलकुल नाही.

माझा अनुभव गाण्याचा. पाचवीत समूहगीत स्पर्धेसाठी वर्गातले वीस जण निवडले, त्यात मी होतो. तालमीत बाई रांगेतून कान देत फिरल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला, प्रशस्तिपत्रक मलाही मिळालं. ओठ हलवल्याचं.

आज मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. घरात आरतीलासुद्धा टाळ्याच वाजवतो. बाईंना स्पर्धा जिंकायची होती, त्यांचंही बरोबर असेल. पण पाचवीतल्या पोराला सूर लागत नसेल तर तो लावायला शिकवायचं हेच तर शाळेचं काम ना? गणितात चुकलो तेव्हा कोणी सांगितलं नाही की तू नुसती पेन्सिल हलव.

मिरजमळा

+१ बेसूर. (आणि आयडी बदला राव.)

खडूधूळ

मी कलाशिक्षक. ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करून सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत लागलो त्याला सव्वीस वर्षं झाली. धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझा आठवडा कसा जातो ते सांगतो. सोमवारी प्रवेशद्वाराजवळचा फळा: सुविचार, दिनविशेष, कडेने नक्षी. जयंती-पुण्यतिथी असली की फलकलेखन वेगळं. 'सरांचं अक्षर सुरेख' म्हणून सगळ्या प्रशस्तिपत्रकांवर नावं माझ्याकडे. गॅदरिंगचं नेपथ्य, स्वागताची रांगोळी, साहेब येणार असतील तर व्हरांड्यातल्या तक्त्यांना नवा रंग. कोणी रजेवर असलं की 'चित्रकलेचे सर मोकळेच आहेत'. या सगळ्यातून उरलेल्या वेळात चित्रकला शिकवतो. आमच्या संस्थेच्या शेजारच्या गावातल्या शाळेतले माझे सहकारी निवृत्त झाले, ती जागा भरलीच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक द्यायचा असं लिहिलंय. अंशकालीन म्हणजे काय ते तुम्हीच समजून घ्या.

रोखठोकसाहेब, राग नाही. पण एक गोष्ट सांगतो, मग ठरवा भरल्या पोटाचा विषय आहे का.

सहावीला वस्तुचित्राच्या पहिल्या तासाला मी एक पोचे आलेली ॲल्युमिनियमची बादली टेबलावर ठेवतो आणि काही न सांगता काढायला लावतो. साठपैकी पन्नास मुलं बादलीचं तोंड चांगलं गरगरीत गोल काढतात आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ. समोर बादली आहे, तरीही. कारण तोंड गोल असतं हे त्यांना माहीत असतं आणि बूड जमिनीला टेकलंय हेही माहीत असतं. बघायची गरजच काय?

मग सगळ्यांना उभं करतो. उभं राहिलं की तोंडाचा गोल उघडतो. हळूहळू खाली बसायला सांगतो. लंबगोल बारीक होत होत डोळ्याच्या रेषेत आला की नुसती रेघ उरते. पुन्हा उभे राहा, पुन्हा बसा. दोन-चार वेळा झालं की वर्गात गलका होतो. "सर, मिटलं! सर, उघडलं!" शेजारच्या वर्गातून तक्रार येते. त्यानंतर जी बादली निघते तिचं बूडसुद्धा कमानीत येतं, मी सांगितलेलं नसताना. आपल्याला माहीत असलेलं आणि समोर दिसणारं यांत फरक असतो हे त्या पोरांना त्या दिवशी कळतं. हे दुसऱ्या कुठल्या तासाला होतं ते मला सांगा.

गोदाकाठताई, तुमच्या लेकीसाठी वेगळं लिहितो, आत्ता घंटा झाली.

टी-स्क्वेअर

सर, काय लिहिलंत! बादली घरी करून पाहिली, बायको म्हणाली उठाबशा कसल्या काढताय.

एक भाबडी शंका. चित्रकलेच्या परीक्षेत भूमिती कशाला असते? आमच्या वर्गातल्या उत्तम चित्रं काढणाऱ्या एका मुलीची ग्रेड भूमितीने घालवली होती. मला स्वतःला मात्र उलटा फायदा झाला. इंटरमिजिएटच्या घनभूमितीत शंकू, सूचिस्तंभ यांची वरून आणि समोरून दिसणारी रूपं काढली होती, त्यामुळे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉईंगला सगळे रडत असताना मी निवांत होतो.

अडगळ

भूमितीचं मूळ लंडनला आहे. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि तिथला अभ्यासक्रम आला लंडनमधल्या साऊथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेच्या धर्तीवर. त्या पद्धतीत चित्रकला ही कारागीर घडवायची विद्या होती. यंत्राच्या मालाला चांगलं डिझाइन हवं, त्यासाठी हात आणि नजर तयार करा: आधी रेघ, मग भूमिती, मग नक्षी, मग वस्तू. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे पेपर या क्रमाशेजारी ठेवून बघा: वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. वंशावळ लगेच कळते.

ते सगळं टाकाऊ होतं असं मात्र मी म्हणणार नाही. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये जे.जे.त शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची उठावशिल्पं त्यांची आहेत, पुढच्या वेळी तिकडे गेलात तर मान वर करून बघा. नंतर जे.जे.तल्याच ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून दहा-बारा वर्षं विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. नक्कल हा शब्द आज शिवीसारखा वापरतात, पण अजिंठ्याच्या भिंतीसमोर बसून केलेली नक्कल आणि क्लासच्या झेरॉक्सवरून केलेली नक्कल यांत फरक आहे.

दुसरी परंपराही आपल्याच दाराशी होती. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले देवीप्रसाद चाळीसच्या दशकात सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. वर्ध्याच्या, गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत सूत काततात, शेती करतात, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. तिथे मुलं चित्रंही काढत होती आणि ती परीक्षेसाठी नव्हती. महाराष्ट्रातल्या शाळांनी यातली कुठली परंपरा उचलली ते सांगायला नको.

रोखठोक

@खडूधूळ सर, बादलीचा किस्सा आवडला, प्रामाणिकपणे. पण तुमच्यासारखे शिक्षक किती? धोरण सरासरी शिक्षकाकडे बघून ठरवावं लागतं. सरासरी शाळेत या तासाला 'आवडीचं काहीतरी काढा' म्हणून बाई वह्या तपासत बसतात. मग तो तास गणिताला दिला तर बिघडलं काय?

पाड्यावरचा मास्तर

जव्हार भागात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. आमच्याकडे कलाशिक्षक नाही, कधीच नव्हता. मीच गणित, मीच चित्रकला, मीच खिचडीचा हिशोब. म्हणजे रोखठोक म्हणतात तो सरासरी शिक्षक मीच असेन.

पहिल्या वर्षी पोरांना म्हटलं, चित्र काढा. सगळ्यांनी दोन डोंगर, मधून सूर्य, सूर्यातून नदी, नदीकाठी कौलारू घर आणि नारळाचं झाड काढलं. आमच्या पाड्यावर नारळाचं एक झाड नाही. घरं कुडाची. आणि या पोरांच्या घराच्या भिंतींवर गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेलं काय काय असतं! लग्नात सुवासिनी देवचौक काढतात, त्यातली पालघट देवी पोरांनी जवळून पाहिलेली असते. याच आमच्या पालघर जिल्ह्यातल्या जिव्या सोमा मशे यांना त्या भिंतीवरच्या कलेसाठी पद्मश्री मिळाली. पण पोरांच्या लेखी ते 'चित्र' नव्हतं, ते घरचं होतं. चित्र म्हणजे फळ्यावरचं. आणि फळ्यावर नारळ कोणी काढला होता? मीच. डी.एड.ला शिकलो तसा.

आता रोखठोक यांच्या वाचनाच्या मुद्द्याबद्दल. पहिलीत एक मुलगी आली, तीन आठवडे तोंडातून शब्द नाही. घरी वारली बोली, शाळेत माझी पुस्तकी मराठी, ती काय बोलणार. एक दिवस व्हरांड्याच्या फरशीवर खडूने तिने तारपा नाच काढला. मधे तारपा हे वाद्य फुंकणारा, भोवती माणसांचा वळसा. मी शेजारी बसून विचारलं, हा कोण? म्हणाली, "माझा बाबा." मग थांबेचना, वळशातल्या एकेकाचं नाव सांगितलं. मी प्रत्येक आकृतीखाली ते नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती नावं ती बोट ठेवून दाखवत होती. ती तिची वाचनाची पहिली पाटी. पाठ्यपुस्तकातला पहिला शब्द तिला दिवाळीनंतर आला.

म्हणजे मी काही शोध लावलाय असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर याच मुलांबरोबर बिया-शिंपल्यांची साधनं करून, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा चालवून हेच केलं होतं. इथून फार लांबही नाही. आमच्या प्रशिक्षणात मात्र त्यांच्यावर एक स्लाइड असते. तोवर चहा आलेला असतो.

रोखठोक

मास्तर, मुद्दा पोचला. 'आधी वाचन मग चित्र' हे वाक्य मागे घेतो. सवलतीच्या गुणांबद्दलचं मत कायम.

शंकासुर

इथे कोणीतरी 'संगीताने गणित सुधारतं' म्हणेल त्याआधीच लिहितो. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झिरो या संशोधनगटातल्या एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी यावरचा तोवरचा बराचसा अभ्यास एकत्र करून २००० साली निष्कर्ष मांडले. वर्गात केलेल्या नाट्याचा भाषेला फायदा होतो, संगीताचा आणि अवकाशाची कल्पना करण्याच्या क्षमतेचा काही संबंध दिसतो. पण कला शिकल्यामुळे एकूण अभ्यासातले गुण वाढतात हे सिद्ध होत नाही. कलावाले त्यांच्यावर भडकले. त्या दोघींचं म्हणणं साधं होतं. कलेची बाजू गणिताच्या कुबड्या घेऊन मांडू नका, कारण उद्या कोणी म्हणेल की गणितच सुधारायचंय ना, मग सरळ गणितच शिकवा. पुढे त्यांनी चित्रकलेच्या वर्गात मुलं प्रत्यक्ष काय शिकतात ते बसून पाहिलं, त्यात निरखणं आणि चिकाटी ही होतीच. खडूधूळ सरांची बादली, थोडक्यात.

आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 'कला-समन्वित शिक्षण' आहे, म्हणजे कलेच्या माध्यमातून इतर विषय शिकवायचे. कल्पना वाईट नाही. फक्त प्रत्यक्षात प्रकाशसंश्लेषणाचं पोस्टर रंगवून घेतलं की कला झाली असं होऊ लागलंय. माझ्या भाचीचं पोस्टर मी रंगवलं, म्हणून अधिकारवाणीने बोलतोय.

बर्मिंगहॅमकर

परदेशात सगळं छान असतं या समजाला छेद. इंग्लंडमध्ये २०१० साली शाळांच्या मूल्यमापनासाठी ईबॅक नावाचा मापदंड आला: इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास किंवा भूगोल, आणि एक भाषा. त्यात चित्रकला नव्हती, संगीत नव्हतं, नाटक नव्हतं. शाळा कशावर मोजल्या जातात तिकडे शाळांचं लक्ष जातं, त्यामुळे पुढच्या वर्षांत जीसीएसईला (तिथल्या दहावीसारख्या परीक्षेला) कलाविषय घेणारी मुलं कमी होत गेली. माझ्या मुलीला नाटक घ्यायचं होतं, पुरेशी मुलं नाहीत म्हणून तिच्या शाळेत तो गटच निघाला नाही.

म्हणजे तिकडे कलेला गुण दिले तर आकृत्या पाठ होतात, इकडे मापदंडातून काढली तर विषयच जातो. काय करावं ते मलाही कळत नाही.

मांडवीपार

गोव्याकडून एक नोंद. पोर्तुगीज काळात इथे चर्चला जोडलेल्या गावच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. उद्देश प्रार्थनासंगीताचा, पण त्यातून तयार झालेले गोंयकार वादक पुढे मुंबईच्या सिनेमासंगीताच्या वाद्यवृंदांत भरले होते. कोणाला वादक करायचं म्हणून ते शिकवत नव्हते, सगळ्या गावाला शिकवत होते. तसं सगळ्या वर्गाला शिकवलं असतं तर बेसूर यांना ओठ हलवावे लागले नसते एवढंच.

मिरजमळा

अवांतर: आमची सहावीची सहल औंधला गेली होती. यमाई, मग संग्रहालय. 'रांगेत चला, हात लावू नका' करत अर्ध्या तासात संग्रहालय उरकलं आणि बाहेर भेळ खाल्ली. तिथे रविवर्मा, धुरंधर आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं माय-लेकराचं दगडी शिल्पसुद्धा आहे, हे मला वयाच्या पस्तिशीत कळलं. सातारा जिल्ह्यातल्या एका टेकडीवर हेन्री मूर! मी त्याच्यासमोरून चालत गेलेय बहुतेक, पुढच्या मुलीची वेणी बघत.

खडूधूळ

औंध आमच्यापासून तासाभरावर. मी आता मुलांना नेतो तेव्हा एकच अट असते. सगळं बघायचं नाही. एक चित्र निवडायचं, त्याच्यासमोर दहा मिनिटं बसायचं आणि मग त्याच्याकडे पाठ फिरवून सांगायचं की त्यात काय आहे. तिसऱ्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते, सातव्याला कोणीतरी म्हणतं, "सर, तिच्या पायातलं एक पैंजण दिसतच नाही."

गोदाकाठताई, आता तुमच्या लेकीबद्दल. बारा आकृत्या टाकून देऊ नका. पाच आठवडे राहिलेत आणि हाताला वळण असणं वाईट नाही. त्यात फक्त एक आकृती तिची स्वतःची घालायची. बुधवारी बाजारात वही घेऊन बसवा, घरी फोटोवरून नको. पहिली दहा मिनिटं पेन्सिल पिशवीत. मग दोन-दोन मिनिटांची दहा-बारा रेखाटनं, खोडरबर न वापरता. बसलेल्या माणसाचं वजन कुठे टेकलंय ते आधी शोधायला सांगा, ते सापडलं की बाकीचं आपोआप बसतं. हाताचा पंजा साधारण हनुवटीपासून कपाळापर्यंत येतो, मुलं हात नेहमी लहान काढतात. चेहऱ्याला घाबरायचं कारण नाही. एवढ्या आकारात नाक-डोळे काढायचेच नसतात. भुवईखालची सावली आणि नाकाखालची सावली अशी दोन बोटं लावली की माणूस बघायला लागतो.

आणि क्लासच्या सरांना सांगून करा. त्यांना डावलून नको.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार, विशेषतः खडूधूळ सर आणि मास्तर. उशिरा लिहितेय, पण करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

मागच्या बुधवारी पाऊस उघडला तशा दोघी गंगेवर गेलो. मेथी-कोथिंबीर घेऊन बसणारी एक आजी आहे, आम्ही नेहमी तिच्याकडूनच घेतो. समोरच्या पायरीवर बसलो. पहिली दहा मिनिटं लेकीने माझा जीव खाल्ला. "झाली का दहा? आता झाली का?" मग गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, तिचा एक पाय दुमडलेलाय आणि दुसरा गुडघा वर आहे. आणि तराजू धरताना कोपर गुडघ्यावर टेकवते. प्रत्येक वेळी." मी इतकी वर्षं तिच्याकडून भाजी घेतेय, मला माहीत नव्हतं. दिवसभर तराजू उचलायचा तर हात भरून येणारच, म्हणून तो टेकू.

चौदा रेखाटनं झाली. पहिली सहा भयंकर. शेवटच्या तीनमध्ये आजी नीट बसलीय. आजीने वही मागून घेतली, लांब धरून पाहिली आणि म्हणाली, "माझी मेथी येवढुशीच का काढली गं?" मेथीचा ढीग खरंच लहान झाला होता.

शनिवारी क्लासला दाखवलं. मला धाकधूक होती, पण सरांनी वही बराच वेळ हातात ठेवली. मग म्हणाले, बसवलीय छान, पण परीक्षेत एक आकृती पुरत नाही, मागे-पुढे माणसं हवीत. तिने घरी येऊन पूर्ण चित्र केलं. मधे समोरून बसलेली आजी, गुडघ्यावर कोपर, भुवईखाली सावली. मागे सायकलवाला आहे, पाटीवाली बाई आहे, बारांतलेच. आणि आजीच्या पुढ्यात पिशवी घेतलेलं एक गिऱ्हाईक वाकून उभं आहे. पाठमोरं. ते पाठमोरं का, असं मी विचारणार होते, तेवढ्यात दिसलं की त्याच्या हातात आमची निळी पिशवी आहे.

मिरजमळा

म्हणजे तुम्ही तर!

गोदाकाठ

हो ना. आणि तो 'वाकलेला माणूस' आहे, मापं तीच.

टी-स्क्वेअर

मेथीचा ढीग वाढवला का नंतर?

गोदाकाठ

वाढवला. आता तराजूत मावत नाहीये, म्हणून तराजू मोठा करणं चालू आहे.